बारा घरांचे साचे

आश्विनातल्या पहाटे सावळगडावर धुके असे दाटते, की तटावरच्या पहारेकऱ्याला आपल्याच भाल्याचे टोक दिसू नये. ऊन वर आले की आधी उत्तर बुरूज उघडा पडतो, मग दिंडी दरवाजा, मग खालची माची, आणि सगळ्यांत शेवटी सोनकीच्या फुलांनी पिवळी झालेली उतरण. पण ज्या वर्षाची ही हकीकत आहे त्या वर्षी गादीचा तंटा पेटलेला होता, आणि धुके विरले की त्या उतरणीच्या पायथ्याशी विश्रामराव घारग्यांच्या फौजेच्या राहुट्या दिसत. वेढा पडून तीन महिने लोटले होते आणि गडावरच्या माणसांना त्या राहुट्यांची सवयही झाली होती.

बखरीत या वेढ्याला अडीच ओळी आल्या आहेत, आणि त्यांतली अर्धी ओळ अशी : ‘गोंदाजी ओतारी फितूर जाहला, त्यास कडेलोट करविला.’ ज्याने हे लिहिले त्याच्यावर माझा राग नाही. सदरेवर जे बोलले गेले ते त्याने कागदावर उतरवले. चुलीपाशी काय घडले हे विचारायला बखरकार कधी जात नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

श्रावणअखेरीस घारग्यांच्या तोफेचा एक गोळा थेट गडाच्या कारखान्यावर येऊन पडला, आणि बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचे सगळे जुने साचे, भट्ट्या आणि दोन कारागीर एका घटकेत मातीला मिळाले. किल्लेदार सुभानराव धोरणी पुरुष. त्यांनी हुकूम केला, की यापुढे गोळ्या एका जागी ओतायच्या नाहीत. गडावरच्या बारा घरांतल्या बारा चुलींवर ओतायच्या, म्हणजे एक चूल गेली तरी अकरा राहतील. नवे साचे घडवण्याचे काम गोंदाजीकडे आले. गोंदाजी जातीने ओतारी. घंटा, समया, तोफांची कडी, पितळेचे जे काही गडावर होते ते त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातचे होते. त्याचा धाकटा भाऊ सटवाजी दोन वर्षांपूर्वी भांडून गड उतरला होता आणि आता घारग्यांच्या छावणीत तोफा ओतत होता. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि तोवर कोणी ती बोलून दाखवली नव्हती.

गोंदाजीने बारा साचे केले. साचा म्हणजे सांडशीसारखी दोन पाती, आत गोळीच्या आकाराचे घर कोरलेले. पाती मिटायची, वरच्या भोकातून वितळलेले शिसे पळीने सोडायचे, दहा अंक मोजून पाती उघडायची. दिसायला सोपे, आणि पहिल्या दिवशी बारांपैकी अकरा घरांत बायकांनी रडकुंडीला येऊन साचे खाली ठेवले. गोळ्या सुरकुतलेल्या निघत, अर्ध्या भरत, कुठे पोटात भोक राही. बारावे घर गोंदाजीचे. त्याची बायको राही हिला हे काम माहेरपासून ठाऊक होते. ती घरोघर फिरली. नवा साचा आधी चुलीवर धरून त्याला लागलेले तेल जाळायचे, मग एरंडेलाच्या दिव्यावर धरून आतून काळा करायचा, मग ओतायचे, निघाली ती गोळी परत मुशीत टाकायची, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा ओतायचे. असे एकवीस वेळा. एकवीस गोळ्या वाया जात नाहीत, साचा त्या खाऊन कामाला लागतो, असे ती सांगे. गोंदाजीचे बोलणे याहून थोडके असे. “नव्या सुनेला लागतात तेवढे दिवस त्याला द्या,” तो म्हणाला, “आणि काळा झाला की काळाच राहू द्या. त्याला हात लावायचा नाही.”

का लावायचा नाही, ते त्याने सांगितले नाही. कारागिराची ही खोड असते. बायकांना वाटले, काजळी म्हणजे शिसे चिकटू नये म्हणून. आणि ते खरेही होते, पण अर्धेच. एकवीस ओतण्यांत भाजून भाजून जो काळा थर साच्यात धरतो त्याची जाडी गोंदाजीने आधीच हिशेबात धरली होती आणि पितळेतले घर तेवढे मोठे कोरले होते. थर असला तर गोळी बंदुकीच्या नळीत सरळ उतरायची. हे माप त्याच्या डोक्यात होते. राहीलाही त्याने ते सांगितले नव्हते.

बारा घरांच्या गोळ्या सकाळी गोंदाजीकडे येत, तो एका लोखंडी कड्यातून प्रत्येक गोळी सोडून पाही, आणि मग त्या तटावर जात. महिनाभर असे सुरळीत चालले. माचीवरच्या बंदुकांनी घारग्यांचे दोन मोर्चे उधळले, आणि खालून गडाकडे बघणारी माणसे झाडाआडून बघू लागली.

मग खंडेनवमी आली. या दिवशी घरातले प्रत्येक हत्यार घासून पुसून देवापुढे मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. विळा, कोयता, पाट्यावरचा वरवंटासुद्धा सुटत नाही. सकाळीच कोंडाबाई राहीच्या दारात आली. कोंडाबाईचा नवरा रखमाजी नाईक माचीवरच्या बंदूकवाल्यांचा पुढारी. दोघींचे घर भिंतीला भिंत लावून, दोघींचे उखाळ्यापाखाळ्यांसकट सख्य. तिच्या हातात साचा होता.

“विळा घासला, कोयता घासला,” कोंडाबाई म्हणाली, “आन् ज्यानं गड राखला ते देवीम्होरं असं काळंकुट्ट मांडू व्हय गं, राहे?”

राहीने नवऱ्याचे शब्द तिला सांगितले. पण सांगताना तिचेच मन चळले. तिच्याही देव्हाऱ्यापुढे तो साचा तसाच काळा पडलेला होता आणि वर्षाच्या या एका दिवशी ते तिला बघवत नव्हते. गोंदाजी उत्तर बुरुजावर तडकलेल्या तोफेला कडे बसवायला गेला होता, दसऱ्याच्या दुपारपर्यंत यायचा नव्हता. विचारायला कोणी नव्हते. ती म्हणाली, आजच्या दिवस घासू, उद्या पुन्हा काजळी धरू. दुपारपर्यंत बाराही घरी निरोप फिरला. चिंच, राख आणि विटेची पूड लावून बारा घरच्या बायकांनी बारा साचे आतूनबाहेरून घासले, बिजागऱ्यांत कुंकू भरले, आणि इतके सोन्यासारखे पितळ झाले म्हणून एकमेकींना दाखवले.

त्याच संध्याकाळी हेरांनी खबर आणली, की घारगे दसऱ्याचा मुहूर्त साधणार. गोळ्या हव्या होत्या, ताबडतोब हव्या होत्या. बायकांनी घाईने दिव्यावर एकेक हात काजळी धरली आणि ओतायला बसल्या. साचे एव्हाना चांगले मुरलेले असल्याने गोळ्या पहिल्यापासून भरीव निघाल्या, पूर्वी कधी निघाल्या नव्हत्या इतक्या तकतकीत. कड्यातून पाहायला गोंदाजी नव्हता. बुरुजावरचे काम अर्धे टाकून तो येऊ शकत नव्हता आणि त्याला कोणी बोलावलेही नाही. कोंडाबाईने तिच्या गोळ्या स्वतः लुगड्याच्या पदराने पुसल्या आणि रखमाजीच्या कमरेच्या बटव्यात भरल्या. तो म्हणाला, एवढ्या देखण्या गोळ्या शत्रूला मारायच्या म्हणजे जिवावर येतं. हे बोलणे पुढे ती जन्मभर सांगत असे.

दसऱ्याच्या पहाटे धुक्यातून घारग्यांची दोन हजार माणसे माचीवर चालून आली. पहिली फैर ठीक गेली. गोळी नळीत जरा घट्ट जाते, दोन ठोके जास्त द्यावे लागतात, एवढेच बंदूकवाल्यांना जाणवले. तिसऱ्या चौथ्या फैरीला नळ्यांत दारूची मळी धरली आणि गोळ्या मध्येच अडकू लागल्या. गजाने ठोकूनही खाली जाईनात. शत्रू पन्नास पावलांवर आलेला, अशा वेळी कोण बंदूक खाली ठेवून नळी साफ करतो? त्यांनी तसाच बार काढला. सात बंदुका फुटल्या. पाच माणसे जागच्या जागी गेली, त्यांत रखमाजी होता. त्याच्या छातीत त्याच्याच बंदुकीची नळी घुसली होती. माची पडली. वरून धोंडे लोटून दिंडी दरवाजा कसाबसा राखला गेला, आणि दुपारी घारग्यांची माणसे माचीवर आपट्याची पाने वाटून सोने लुटत होती तेव्हा गडावर पाच चिता रचल्या जात होत्या.

तिसऱ्या प्रहरी सदर भरली. मधोमध घोंगडीवर फुटक्या नळ्या, गोळ्यांची रास आणि गोळा करून आणलेले अकरा साचे. राहीचा बारावा ओतणे झाल्यावर तिने पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला होता, तो तिथेच राहून गेला होता. खाली चौकात मेलेल्यांची माणसे उभी होती, त्यांत कोंडाबाई सगळ्यांच्या पुढे. गोंदाजीला समोर उभे केले.

“गोंदाजी,” किल्लेदार सुभानराव म्हणाले, “तुझ्या हातची घंटा या गडाच्या देवीपुढे वाजते. म्हणून आम्ही तुला आधी तोंडाने विचारतो आहोत. या गोळ्या मोठ्या का झाल्या?”

गोंदाजीने गोळी उचलली, घरच्या कड्याचा जोड त्याच्या कमरेला होता त्यावर ठेवली. ती खाली उतरली नाही. मग त्याने साचा उघडला. आत पितळ लखलखत होते आणि बिजागरीच्या फटीत कुंकू होते. त्याला सगळे त्याच क्षणी कळले. कोणी घासले, का घासले, आणि ज्या राहीवर साच्यांची राखण सोपवली होती तिच्या मान्यतेवाचून बारा घरी हे झाले नसते, हेही कळले. आपण माप कोणाला सांगितले नाही, हे त्याला सर्वांत आधी कळले असावे, असे मला वाटते.

सबनीस त्र्यंबकपंत न्यायी आणि बारकाईचे गृहस्थ होते, आणि त्या दिवशी तेच नडले. ते शांतपणे म्हणाले, की महिनाभर याच साच्यांच्या गोळ्या बरोबर उतरत होत्या, अर्थात बिघाड मागाहून झाला. साचे ज्यांच्या ताब्यात होते त्या बारा घरच्या बायांना एकेकीने सदरेवर आणून जबानी घ्यावी, आणि आरंभ ओताऱ्याच्या घरापासून करावा.

गोंदाजीने चौकात पाहिले. कोंडाबाईच्या कपाळावर पुसलेल्या कुंकवाचा लाल फराटा अजून होता. त्या पाच विधवांपैकी तिघी साचेवाल्या घरच्या होत्या. जबान्या झाल्या असत्या तर त्या तिघींना भर सदरेत कळले असते, की आपला नवरा आपल्याच हाताने गेला. राहीचे काय झाले असते ते वेगळेच.

“बायांना सदरेची पायरी चढवू नये, सरकार,” तो म्हणाला. “साच्यांची घरं मी वाढवली. नवमीच्या आदल्या दिवशी, तपासायला फिरलो तेव्हा.”

“कोणाच्या सांगण्यावरून?” पंतांनी विचारले.

“माझा भाऊ खालच्या छावणीत आहे, हे पंतांना ठाऊक आहे.”

त्यानंतर त्याला पुष्कळ विचारले गेले आणि त्याने एकाचेही उत्तर दिले नाही. सुभानरावांचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी दोनदा त्याला बोलायची संधी दिली. शेवटी चौकातला आक्रोश आवरेना तेव्हा त्यांनी कडेलोटाचा हुकूम दिला. कोंडाबाई पुढे आली आणि तिने मूठभर माती त्याच्या तोंडावर फेकली. त्याने ती पुसली नाही.

दिवेलागणीला राहीला त्याच्या कोठडीच्या दाराशी जाऊ दिले. तिने भाकरी नेली होती, पण ती द्यायचे तिला सुचले नाही. तिने एवढेच विचारले, की हे खरे आहे का. आदल्या दिवशी आपण साचा घासला हे तिने सांगितलेही असते, पण घासल्याने गोळी मोठी होते हे तिला कोणी शिकवलेच नव्हते, म्हणून ते तिच्या मनातही आले नाही.

“खरं आहे,” गोंदाजी म्हणाला.

तेवीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी खोटे बोलला ते याच वेळी, आणि तिने ते खरे मानले. ती मागे फिरली तेव्हा त्याने हाक मारली. गडावर एकही धड गोळी उरलेली नव्हती, आणि ते तसेच टाकून जाणे त्याच्याने होईना. “साचा पुन्हा काळा कर,” तो म्हणाला. “एकवीस वेळा ओत. मग कड्यातून बघ.” तिने वळून पाहिले नाही. या एका गोष्टीचे तिला पुढे जे वाटत राहिले ते मी लिहू शकत नाही.

सकाळी धुके होते, म्हणून कड्यावर जमलेल्यांना तो पडताना दिसलासुद्धा नाही.

राही घरी आली ती साचा फोडून टाकायचा म्हणून. तिने तो देव्हाऱ्यातून उचलला, हातोडी घेतली, आणि चुलीसमोर बसून राहिली. मग कशाने कोण जाणे, हाताला सवय असते म्हणा, तिने चूल पेटवली, मुशीत शिसे टाकले आणि साचा दिव्यावर धरला. ओतले, मोडले, पुन्हा काळे केले. घाम आणि डोळ्यांतले पाणी यांत फरक राहिला नव्हता. एकवीस झाल्या. बाविसावी गोळी तिने कड्यावर ठेवली आणि ती अलगद खाली उतरून तिच्या मांडीवर पडली.

घर वाढवलेले असते तर ती उतरली नसती. पितळ कोरून बंदुका फुटण्याइतके मोठे केले की कितीही काजळी धरा, माप पुन्हा असे नेमके येत नाही, हे ओताऱ्याच्या लेकीला सांगावे लागत नव्हते. गोंदाजीने साच्याला हातच लावला नव्हता. हात लावला होता तो तिने, चिंचेने आणि विटेच्या पुडीने, आणि बाकी अकराजणींना लावू दिला होता. तो फितूर नव्हता, आणि आपण त्याला मरणाआधी पाणीसुद्धा विचारले नव्हते, हे तिला त्या मांडीवरच्या गोळीने सांगितले. ती मोठ्याने रडली. शेजाऱ्यांना वाटले, फितुराची का होईना, बायकोच आहे.

थोड्या वेळाने ती उठली. गोळी आणि कडे मुठीत घेऊन सदरेकडे निघाली. नवऱ्याचे नाव धुवून काढायचे, मग आपले काय व्हायचे ते होवो. वाट कोंडाबाईच्या दारावरून जात होती. ओसरीवर चार बाया बसल्या होत्या आणि कोंडाबाई त्यांना सांगत होती, की गोळ्या मी पदरानं पुसून दिल्या, मी माझ्या हातानं बटव्यात भरल्या, ते हसून काय म्हणाले ठाऊक आहे का. राही तिथेच थबकली. ही बाई जगू शकत होती ती फक्त एका आधारावर, की शिव्या द्यायला तिला कोणीतरी होते. त्या जागी गोंदाजी स्वतः जाऊन उभा राहिला होता, आणि आता त्याला तिथून काढायचे म्हणजे तिथे कोंडाबाईलाच उभे करायचे. तिने मुठीतली गोळी पदराच्या गाठीत बांधली. कोणीतरी तिला पाहून थुंकले, तेव्हा ती चालू लागली.

सदरेवर तिने मुजरा केला. “साचे पुन्हा मापात येतात, सरकार,” ती म्हणाली. “राहिलेले अकरा माझ्या हवाली करावेत.”

त्र्यंबकपंत म्हणाले, की फितुराच्या बायकोच्या हातचे शिसे कोणता शिपाई नळीत घालील. राहीने तेही योजून ठेवले होते. पहिली बंदूक मीच भरीन, ती म्हणाली, आणि मीच उडवीन, एकदा नव्हे, सहा वेळा, मध्ये नळी न पुसता. फुटली तर गडावरचे एक तोंड कमी होईल. सुभानरावांनी बंदूक आणायचा हुकूम केला. त्यांना काही संशय आला असेलही, पण त्यांनी विचारले नाही. राहीने घरून आणखी पाच गोळ्या ओतून आणल्या, चौकात तोड्याची जड बंदूक आणली गेली, तिच्या कानाशी वात पेटवली गेली, आणि जन्मात बंदुकीला हात न लावलेल्या त्या बाईने सहा बार काढले. सहावी गोळी पहिलीसारखीच सरळ उतरली. तिचा खांदा कायमचा वाकडा झाला.

पुढचे तीन दिवस ती अकरा चुलींपुढे बसून होती. कित्येक घरांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. अंगणात तीन दगड मांडून तिने तिथेच साचे काळे केले आणि देताना प्रत्येकीला एवढेच सांगितले, की याला घासायचे नाही, पूजा करायची ती अशीच करायची. का, असे कोणी विचारले तर म्हणे, ओताऱ्यांची रीत आहे. मार्गशीर्षात माची परत घेतली गेली आणि पौषाच्या थंडीत घारगे वेढा उठवून गेले. सुभानरावांना दरबारातून पालखीचा मान आला. ज्या कड्यावरून गोंदाजीला लोटले त्याला लोक फितूरकडा म्हणू लागले, आणि खंडेनवमीला तिथून एकेक दगड खाली टाकायची चाल पडली. राही त्या दिवशी घराबाहेर पडत नसे.

ती गड सोडून गेली नाही. सटवाजीने दोनदा बोलावणे धाडले, तिने नकार दिला. दहा घरांशी तिचे बोलणे हळूहळू सुरू झाले, अकराव्याशी, म्हणजे भिंतीपलीकडच्याशी, झाले नाही. चौदा वर्षांनी कोंडाबाई अंथरुणाला खिळली. तिचे मागेपुढे कोणी नव्हते. राही न विचारता तिच्याकडे जाऊ लागली, अंग पुसू लागली, पेज नेऊ लागली, आणि कोंडाबाई भिंतीकडे तोंड करून ते सारे करून घेई. एका सकाळी मात्र तिने तोंड इकडे वळवले.

“राहे, जायच्या आदी मन मोकळं करती,” ती म्हणाली. “तुझ्या मान्सानं माझं कुकू पुसलं. चवदा वर्सं रोज त्याला शिव्या घातल्या म्या. आता माझ्यानं व्हत न्हाई. म्या त्याला माफ केलं. तू बी आता जिवाला खाऊ नगंस.”

राहीच्या ओठांशी चौदा वर्षे अडलेले ते सगळे आले. तिने कोंडाबाईच्या पायांवर डोके ठेवले आणि पुष्कळ वेळ उचलले नाही.

“लई उपकार झालं, कोंडाताई,” ती म्हणाली. मग निवत चाललेली पेज तिने जवळ ओढली आणि कोंडाबाईला भरवायला घेतली.